पहिल्या नंबरचं पान

अंबरनाथ (पूर्व)
१५ फेब्रुवारी २००९, रविवार

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरत होता, तो तुझ्या फोननंतर एकदम बरा झाला. डॉक्टरला उगाच पैसे घातले, आधी तुलाच फोन करायला सांगायला हवं होतं. तू कसा आहेस? जेवणाचं मात्र लिहू नकोस. तुमच्या त्या आचाऱ्याच्या सांबाराचं पुराण आम्हाला पाठ झालंय.

हाताने लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. ईमेल लिहायला बसले होते, पण इंग्रजी अक्षरांत 'दादा' लिहिलं की तू दुसऱ्याच कुणाचा भाऊ वाटतोस. आणि फोनवर तर शक्यच नाही. तुझा फोन आला की आई स्पीकर लावते आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसते. श्वास जरी वेगळा घेतला तरी 'काय गं, काय झालं' म्हणून विचारते.

तिचे प्रताप ऐक. 'राजरत्न येतोय, बदलापूरला फ्लॅट घेतोय' हे विहारात वंदना संपल्या संपल्या जाहीर झालंय. बाहेरच्या खोलीला रंग काढला. शेजारच्या बनूबाईंनी तुझ्यासाठी मुली बघायला घेतल्यात. आपल्यात पत्रिका नसते म्हणून थोडक्यात वाचलास, नुसत्या फोटोवर भागलं. तुझा तो आयटीआयमधला मिशीवाला फोटो त्यांच्याकडे गेलाय. मी थांबवायचा प्रयत्न केला, खरंच.

बरं. आता मुद्द्याचं लिहिते. आईचं ऐकून हसलास ना, तर आता जरा नीट बस.

मी उल्हासनगरला 'कॉम्प्युटरचं काम' करते एवढंच तुला माहीत. काम असं आहे. कॅम्प पाचमध्ये एका जीन्सच्या कारखान्यावर आमचं ऑफिस. खालची शिलाईची मशीनं सुरू झाली की वरच्या आमच्या खुर्च्या थरथरतात. बाळ सर म्हणून आहेत, ज्यांच्या क्लासात मी कॉम्प्युटर शिकले, तेच मालक. दुकानदारांच्या, क्लासवाल्यांच्या वेबसाइट बनवायच्या आणि लोकांनी गूगलवर काही शोधलं की आपलं पान वर आलं पाहिजे, हा धंदा. पानांवर शब्द घालायचं काम माझं. झुरळं मारणाऱ्यांचं एक पान लिहायचं, मग उल्हासनगरच्या जागी अंबरनाथ टाकायचं, अंबरनाथच्या जागी बदलापूर, की झाली तीन पानं. एकदा अलिबागच्या लॉजचं पान असंच उचललं आणि आठवडाभर अंबरनाथला समुद्रकिनारा होता. किर्ती म्हणून एक सिंधी मुलगी शेजारी बसते, ती अजून मला विचारते, 'यशू, संडे को बीच पे चलें क्या?'

गेल्या पावसाळ्यात सर म्हणाले, मराठीत पानं फार कमी आहेत, आपल्या भागावर एक मराठी पान कर. पण झुरळांसारखं नको. लोकांनी वाचलं पाहिजे, खरं लिही. दादा, त्या ऑफिसात मला पहिल्यांदाच कुणी खरं लिही म्हणालं. मी बदलापूरजवळच्या जांभूळ गावावर लिहिलं. आपण लहानपणी जायचो ते कौसामावशीचं घर, तिच्या दारातली चूल, पाणी शुद्ध करतात ते केंद्र, तिथून निघणारा तो मोठा पाइप. दुपारी त्याला कान लावला की आत पाणी चाललेलं ऐकू येतं, असंही लिहिलं. दोन महिन्यांत पान पहिल्या नंबरवर. बदलापूर म्हणून मराठीत टाइप केलं की आधी आपली कौसामावशी! आखातातून, गुजरातमधून लोकांची पत्रं यायला लागली, 'ताई, गावाला जाऊन आल्यासारखं वाटलं'. सरांनी सगळ्यांना समोसे खिलवले.

दिवाळीनंतर एके दिवशी पान उघडलं तर वरचे दोन परिच्छेद माझे आणि खाली एका बिल्डरची स्कीम. पत्ता तोच, पहिला नंबरही तोच, आतला माल वेगळा. कौसामावशीच्या लोणच्याच्या बरणीत कुणी दुसरंच काही भरून ठेवावं, तसं. 'जलशुद्धीकरण केंद्राच्या शेजारी! पाणी बारमाही! स्टेशन दहा मिनिटांवर!' मी भांडले. सर म्हणाले, सगळेच करतात, तू मनाला लावून घेऊ नको. मी मनाला लावून घेतलं आणि कामाला लागले.

आता कळलं ना कुठलं पान ते?

तू फोनवर म्हणालास, 'एक पान वाचलं, कुणीतरी आपल्याकडचाच लिहिणारा आहे, तो खोटं बोलणार नाही'. आई टाळ्या वाजवत होती. मी तोंड उघडणार होते, शपथ. पण ती हसत होती रे. बाबा गेल्यावर तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. म्हटलं आज नको. मग उद्याही नको झालं.

गेल्या रविवारी स्वतः जाऊन आले. जोत्यापर्यंत बांधकाम आहे आणि एक भलामोठा फलक. पाइप दिसतो हाकेच्या अंतरावर, पण ते पाणी पुढे जातं, या स्कीमला नळजोडणीच नाही. वॉचमनची बायको द्रौपदी तिथे टँकरचं पाणी पिंपात भरत होती. मी पाण्याचं विचारलं तर हसली. म्हणाली, 'बाय, धरण उशाला नि कोरड घशाला. तुमी नका घेव इथं.' स्टेशन दहा मिनिटांवर आहे, हेलिकॉप्टरने.

तर पैसे पाठवू नकोस. पाडव्याची ऑफर वगैरे सगळं झूट आहे. आणि तिकडे तुझं चांगलं चाललंय, तर इकडे यायची तरी एवढी घाई कशाला? वर्ष-दोन वर्षांनी नीट बघून घेऊ. आईला मी सांगेन समजावून.

तब्येतीला जप.

तुझी बहीण,
यशोधरा


मस्कत
६ मार्च २००९, शुक्रवार

यशे,

जय भीम. पत्र मिळालं. पूर्ण नावाने सही केलीस म्हणजे एक तर भडकलीयस नाहीतर रडलीयस. मला लिहायची सवय नाही, चुका काढू नको.

पान तुझं आहे हे मला पहिल्याच शुक्रवारी समजलं होतं. तू दुसरीत होतीस. पाइप तापलेला असायचा म्हणून मी माझा शर्ट काढून त्यावर ठेवायचो आणि तू कान लावायचीस. आत काय आहे विचारलंस तेव्हा मी सांगितलं, हत्ती पाणी पितोय. तू हत्तीचं नाही लिहिलंस, पण पाइपला कान लावणारं येडं घर आपल्याशिवाय दुसरं कुठलं असणार? फोनवर मुद्दाम बोललो तसं, 'कुणीतरी आपल्याकडचा'. वाटलं, आता फुटशील. तू गप्प. म्हटलं सरप्राइज ठेवतेय.

पण यशे, खालचं पण तुझंच समजलो मी. भाषा थोडी भडक वाटली, म्हटलं ऑफिसात राहून शिकली असेल.

इथे शुक्रवारी सुट्टी. सायबरमध्ये जायचो आणि ते पान वाचायचो. फ्लॅटसाठी नाही, फ्लॅट तर नंतर आला. मग प्रिंट काढून आणली आणि रूमवर वाचून दाखवली. सहा जण आहोत रूममध्ये, मराठी आम्ही तिघंच, पण तो केरळचा मुलगा पण ऐकत बसायचा. कमळाकर म्हणून दोस्त आहे, त्याची फॅमिली बदलापूरला भाड्याने राहते. त्याने विचारलं, पक्की खबर आहे का? मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या बहिणीने लिहिलंय, ती खोटं लिहीत नाही. त्याने बायकोकडून चेक दिलाय बिल्डरला. माझ्या भरवशावर दिलाय. तुझं पत्र आलं तेव्हा तो ड्यूटीवर होता. रात्री सांगितलं त्याला. तो पाणी प्यायला उठला. आणखी कोण कोण वाचत असेल ते पान? तू मला पत्र लिहिलंस, त्यांना कोण लिहिणार?

दुसरी गोष्ट. माझं चांगलं चाललंय असं तू लिहिलंस. बरोबर आहे, मीच तसं सांगत होतो. कंपनीला काम नाहीये. निम्म्या लोकांचं काँट्रॅक्ट पुढे चालू नाही, माझं त्यात आहे. एप्रिलच्या शेवटी व्हिसा संपतो.

बाबांच्या वेळी मी आलो नाही. सगळी बिल्डिंग होती, मी नव्हतो. आता नोकरी गेली म्हणून बॅग घेऊन दारात कसा उभा राहू? फ्लॅट घ्यायला आलो म्हटलं की यायला तोंड होतं. आता ते पण नाही. कतारला एक जण बोलावतोय, पगार कमी आहे, पण जाईन म्हणतो. तू म्हणतेस तसं, वर्ष-दोन वर्षांनी बघू.

आईला यातलं काही सांगू नको.

तुझा,
दादा

बनूबाईंकडून तो फोटो परत घे.


अंबरनाथ (पूर्व)
२२ मार्च २००९, रविवार

दादा,

जय भीम.

आईला सांगू नको म्हणालास, म्हणून आधी आईलाच सांगितलं. तुझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं, हत्तीसकट. ती काय म्हणाली ते शेवटी लिहिते, मला धीर धरायला लावलास तर तूही जरा धर.

कमळाकरना सांग, चेक वटलेला नाही, पाडव्याच्या तारखेचा होता. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. वैष्णवीवहिनी आधी दारातूनच बोलत होत्या, 'तुम्हीच का त्या लिहिणाऱ्या?' मी हो म्हटलं. मग चहा दिला. बिनसाखरेचा होता, विसरल्या की मुद्दाम, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी दोघी बँकेत गेलो, चेक थांबवायचा अर्ज दिला. तिथून बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस आवाज चढवून बोलायला लागला, तर वहिनींनी त्याला एकच विचारलं, 'नळ दाखवा.' तो बसला खाली.

आणि तू विचारलंस ना, त्यांना कोण लिहिणार? दादा, तीन रात्री तेवढंच डोक्यात होतं. मला वाटत होतं, तुला सांगितलं की माझं काम संपलं. ते पान माझ्या नावावर नव्हतं, पण माझ्या आवाजात होतं. लोकांनी बिल्डरवर नाही, कौसामावशीवर विश्वास टाकला होता.

सोमवारी ऑफिसात गेले आणि पानाच्या अगदी वर लिहिलं, 'या स्कीमला अजून नळजोडणी नाही. आम्ही जाऊन पाहिलं. स्टेशनपासून रिक्षाने अर्धा तास लागतो. पैसे भरण्याआधी स्वतः किंवा घरच्या कुणाला पाठवून बघा.' ज्या ज्या लोकांनी त्या पानावरून चौकशी केली होती, त्यांच्या ईमेल माझ्याकडेच येतात. किर्तीने अर्धे घेतले, मी अर्धे, आणि प्रत्येकाला तेच लिहून पाठवलं. मी तिला म्हटलं, तू यात पडू नको, तुझी नोकरी जाईल. ती म्हणाली, 'मेरे मामा को भी ऐसे ही एक प्लॉट चिपकाया था. टाइप कर, टाइम मत खा.'

दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. मग बिल्डरचा फोन आला आणि बाळ सरांनी मला आत बोलावलं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, 'यशोधरा, शब्द तुझे असतील, पण जागा माझी आहे.' मी म्हटलं, सर, तुम्हीच म्हणाला होतात खरं लिही. ते म्हणाले, 'खरं वर येण्यापुरतं. पुढे पोट असतं.' मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. याच माणसाने माझी फी दोनदा माफ केलेली. ते म्हणाले, वरचं काढ आणि काम कर. मी म्हटलं, मग खालचंही काढा. नाही म्हणाले. मी पर्स उचलली.

त्यांनी संध्याकाळी पान पुसून टाकलं, सगळंच्या सगळं. बिल्डरही गेला आणि मावशीही. आता तू शुक्रवारी सायबरमध्ये जाशील तेव्हा तिथे काही नसेल. तुझी प्रिंट जपून ठेव, वरचा भाग. खालचा फाडून टाक.

खोटं कशाला बोलू, नोकरी गेल्याचं वाईट वाटतं. जिन्यात येऊन रडलेच. पण घरी पोचेपर्यंत भूक लागली होती, आणि पोटभर जेवले.

आता आई. तिने तुझं पत्र ऐकलं, हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, 'घर नाही म्हणून येत नाही? मग तीस वर्षं आम्ही काय फलाटावर राहतोय?' मी म्हटलं, आई, त्याला लाज वाटते. तर माझ्यावरच उखडली. 'लाज कसली? बाबा गेले तेव्हा येऊ नको, नोकरी जाईल, असं मीच सांगितलं होतं त्याला फोनवर. तो रडत होता, मी त्याला दटावलं. त्याला आठवत नसेल तर मला आठवतं.' मग बराच वेळ पोळ्या लाटत राहिली. त्या दिवशी चार माणसांच्या पोळ्या झाल्या. बनूबाईंना दिल्या. (फोटो त्या परत देत नाहीत. मिशी आवडलीय म्हणे एकीला.)

विहारातही आईने स्वतःच सांगून टाकलं, की फ्लॅट नाही, नोकरीही सुटतेय, मुलगा येतोय. वैशाख पौर्णिमेची खीर कोण ढवळणार, याची माणसं ठरत होती, त्यात तुझं नाव घातलं, बस्स.

दादा, ते पान गेलं म्हणून तुझ्यासाठी एक नवीन लिहिलंय. बिल्डर नाही, काही नाही. जागा मी जाऊन पाहिलेली आहे, रोजच बघते.

अंबरनाथ पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. लिफ्ट नाही. पाणी सकाळी एकदा येतं आणि झोपून राहिलात तर जातं. लाइट दुपारी जाते, तेव्हा सगळी बिल्डिंग गॅलरीत येऊन एकमेकांची उणीदुणी काढते. कारखान्यांकडून वारा सुटला की खिडकी लावून घ्यावी लागते. स्टेशन चालत वीस मिनिटं, बाबांच्या चालीने पंधरा. समुद्रकिनारा नाही, पूर्वी आठवडाभर होता. बाहेरच्या खोलीला नवा रंग आहे, आईने निवडलेला, तेव्हा त्याबद्दल काही बोलायचं नाही. खिडकीखाली एक कॉट आहे. दिवसा आई तिच्यावर कपड्यांच्या घड्या ठेवते आणि संध्याकाळी सगळ्या उचलून कॉट मोकळी करते. तू गेल्यापासून रोज. मी एकदा विचारलं, कशाला उचलतेस, इथे कोण झोपतं? ती म्हणाली, 'रात्रीच्या गाडीने कुणी आलं तर?'

जांभूळला रिक्षाने जाता येतं. कौसामावशी आता नाही, पण पाइप आहे. मी परवा एकटीच गेले होते. शर्ट काढून ठेवणारं कुणी नव्हतं, म्हणून ओढणीची घडी ठेवली आणि कान लावला. अजून पितोय.

हे पान गूगलवर कधीच येणार नाही. वाचणारा एकटाच आहे, आणि त्याने कतारला जाण्याआधी वाचावं एवढीच धडपड. यातलं एकही वाक्य खोटं निघालं तर दारातून परत जा, मी बॅग उचलून देईन.

आणि आता एक. बिल्डरचं खोटं सरांनी लिहिलं. मी स्वतःच्या हाताने खोटं लिहिलं ते फक्त तुला, फेब्रुवारीतल्या पत्रात, शेवटून दुसऱ्या ओळीजवळ. 'यायची एवढी घाई कशाला' म्हणून.

घाई आहे दादा. खूप घाई आहे.

कॉट मोकळी आहे.

यशी